घाण सशाची की पिंजऱ्याची

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात एखाद्या घरी ससा आला की पहिले चार दिवस कौतुकात जातात आणि पाचव्या दिवशी त्याच्यावर आरोपपत्र दाखल होतं. सोफ्याखाली मुतलं, देवघरापुढे लेंड्या टाकल्या, चार्जरची वायर कुरतडली. घरातलं एखादं वडीलधारं माणूस निकाल देऊन मोकळं होतं, "ससं काय शिकलालंय व्हय? घाला त्याला पिंजऱ्यात." पिंजरा माळ्यावर असतोच. कधीकाळी कोंबड्यांसाठी आणलेला, नाहीतर पोपटाचा (पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हे पोपट मेल्यावर कळलेलं असतं). तळाला जाळी, दाराला कडी. तो जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवतात आणि दोन महिन्यांचं पिल्लू जन्माचं आत जातं.

हा निकाल देणारी माणसं दुष्ट नसतात आणि जनावरांच्या बाबतीत अडाणी तर मुळीच नसतात. देवणी गाय आणि उस्मानाबादी शेळी यांच्या संगतीत हा मुलूख वाढलेला आहे. कोणत्या जनावराला काय जमतं याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. म्हणून त्यांचं म्हणणं आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवं. पूर्वपक्ष लुळा करून खोडून काढण्यात काही पुरुषार्थ नाही.

त्यांचं म्हणणं असं. लेंड्या टाकणारं जनावर जागा पाहून टाकत नाही. शेळी चालता चालता, चरता चरता, रवंथ करता करता टाकते, तिला ते कळतसुद्धा नाही. सशाची लेंडी तशीच, तेव्हा त्याची रीतही तीच. दुसरं, ससा आपण शिवारात पाहिलेला आहे. तुरीच्या ओळीतून उठतो, पळतो, दिसेनासा होतो. त्याला ना बीळ ना घर, मग घराची शिस्त त्याला कुठून असणार? तिसरं, एवढ्याशा जिवाला व्यायाम कसला? पिंजऱ्यात चार उड्या मारतो तेवढ्या पुरेत. आणि चौथं, जे सगळ्यांत बिनतोड वाटतं: जाळीचा पिंजरा स्वच्छ असतो, घाण खाली पडते, ससा वर कोरडा राहतो. थोडक्यात, जागेवर जाणारा ससा म्हणजे आपल्या नैयायिकांचं आवडतं उदाहरण, सशाचं शिंग. बोलायला आहे, जगात नाही.

शेळीपासून सुरुवात करू. लेंडीचा आकार सारखा, म्हणून सवय सारखी, असं हे अनुमान आहे. याला आपल्या तर्कशास्त्रात व्यभिचारी हेतू म्हणतात. हेतू एका ठिकाणी साध्याबरोबर दिसतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याशिवाय. आणि ते दुसरं ठिकाण शोधायला लांब जावं लागत नाही. मराठवाड्याच्या माळावर काळवीट आहे, कुठे कुठे रोही आहे. दोघांचीही लेंडी शेळीच्या लेंडीशी गल्लत व्हावी अशी. पण काळविटाचा नर आपल्या ताब्यातल्या जागेत ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्यांचा ढीग करतो; रोहीही असेच ढीग करतं. ज्याने शेताच्या कडेला असा ढीग पाहिला आहे, त्याने 'लेंडीवालं जनावर जागा पाहत नाही' हे वाक्य परत घ्यायला हवं. लेंडीचा आकार आतड्याने ठरतो. ती कुठे टाकायची हे जनावर जागेशी कसं नातं ठेवतं त्यावर ठरतं.

आता शिवारातला ससा. तो आणि आपण खोक्यातून आणलेलं पिल्लू ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि सगळा घोटाळा इथे आहे. आपल्या रानातला काळ्या मानेचा ससा उघड्यावर जन्मतो, अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून. थोड्याच वेळात तो हालचाल करू लागतो, एकटा राहतो, गवतात अंगाएवढा खळगा करून बसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, म्हणजे त्याला पकडून पाळण्याचा प्रश्नच नाही. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या सशाचं मूळ घराणं स्पेन-पोर्तुगालकडच्या रानटी सशाचं. त्याची पिल्लं जमिनीखाली, बिळात, उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. हे ससे कळपाने राहतात, बिळांची वस्ती करतात, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, पाळीव सशाच्या ४४. दोघांचा संकर होत नाही. शिवारातल्या सशाला पाहून पाळीव सशाबद्दल निर्णय देणं म्हणजे भलत्याच्याच साक्षीवर भलत्याला शिक्षा.

वस्ती करून राहणाऱ्या जनावराला घाणीचा बंदोबस्त करावाच लागतो. बिळात कुठेही मुतून चालत नाही. या बंदोबस्ताचा सर्वांत बारीक अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियात, आणि झाला तो सशांवरच्या प्रेमापोटी नव्हे. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे आपल्या मळ्यात सोडले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला, कुरणं उजाड केली. त्यांच्या अटकावासाठी हजारो किलोमीटर कुंपण घातलं गेलं, १९५० मध्ये मुद्दाम रोगाचा विषाणू सोडला गेला. शत्रूला मारायचं तर त्याची राहणी कळली पाहिजे, म्हणून सरकारी संशोधन संस्थेने शास्त्रज्ञ कामाला लावले. त्यांच्यातले रोमन मिकिटोविच यांनी १९६० च्या दशकात सशांचे कळप मोठ्या कुंपणांत ठेवून त्यांच्या गंधग्रंथींवर वर्षानुवर्षं काम केलं.

मिकिटोविच यांना जे दिसलं ते निलंग्यातल्या गृहिणीच्या थेट उपयोगाचं आहे. सशांच्या वस्तीत ठरलेले उकिरडे असतात. ससा तिथे मुद्दाम जातो, वास घेतो, वर आपली भर घालतो. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा स्राव या लेंड्यांना लागतो, आणि चरताना सहज गळलेल्या लेंड्यांपेक्षा उकिरड्यावरच्या लेंड्यांचा वास निराळा आणि उग्र असतो. कळपातल्या वरचढ नराच्या ग्रंथी मोठ्या असतात, आणि तो त्यांचा वापरही जास्त करतो. हनुवटीखालीही अशीच ग्रंथी. ससा टेबलाच्या पायाला, दाराच्या चौकटीला, तुमच्या चपलेला हनुवटी घासतो तेव्हा तो 'हे माझं' म्हणत असतो. उकिरडा ही त्याची पाटी, हनुवटीचा वास ही सही. वेल्समध्ये सशांची वस्ती वर्षानुवर्षं न्याहाळून रोनाल्ड लॉकली यांनी १९६४ मध्ये सशाच्या खाजगी आयुष्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही हा हद्दीचा कारभार ठायी ठायी दिसतो.

म्हणजे सशाला जागेवर जायला 'शिकवायचं' नसतंच. ते तो आईच्या पोटातून शिकून येतो. आपल्याला फक्त त्याने निवडलेल्या कोपऱ्याला ट्रे लावायचा असतो. कुत्र्याला बाहेर न्यायची सवय लावण्यापेक्षा हे काम सोपं आहे. कारण कुत्र्याला आपण आपला नियम देतो, सशाच्या बाबतीत त्याचाच नियम आपण मान्य करतो.

आता त्या बिनतोड युक्तिवादाकडे येऊ, जाळीच्या तळाकडे. जाळीचा पिंजरा कुठून आला हे पाहिलं की त्याचं समर्थन ढिलं पडतं. तो आला मांसासाठी आणि लोकरीसाठी ससे पाळणाऱ्या फार्मवरून. राजस्थानात अविकानगरला मेंढी आणि लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तिचं तमिळनाडूत मन्नवनूरला आणि हिमाचलात गडसा इथे काम आहे. सशांवरचं बरंच भारतीय संशोधन यांच्याकडचं. शेकडो ससे, ओळीने पिंजरे, मजुरी कमी आणि आतड्याच्या रोगाची सतत भीती, अशा ठिकाणी घाण खाली पडणं हा खरोखरच उपयोगी बंदोबस्त आहे. त्या सोयीचा हिशोब फार्मचा. घरातल्या एकट्या सशाला तो लागू करताना आपण काय करतो? त्याच्या लेंड्या पडतात आणि नाहीशा होतात. वास साठत नाही, उकिरडा तयार होत नाही, पाटी लागत नाही. कोपरा कोणता हे त्याला ठरवताच येत नाही, कारण सगळेच कोपरे सारखे पोकळ. अशा पिंजऱ्यात चार महिने काढलेला ससा बाहेर सोडला की तो घरभर करतो. मग आपण म्हणतो, पाहा, सांगितलं नव्हतं का? रोग आपण दिला आणि लक्षण दाखवून सिद्धान्त सिद्ध केला.

शिवाय पाय. कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या सशाच्या तळपायाला नसतात, फक्त दाट केस असतात. तारेवर बसून बसून ते केस झडतात, खालची कातडी सोलवटते आणि मागच्या पायांच्या तळाला जखमा होतात. वर कोरडा दिसणारा ससा खाली रक्ताळलेला असू शकतो. पिंजऱ्याच्या बाहेरून हे दिसत नाही, त्याला उचलून उलटं पाहावं लागतं.

कायदाही इथे गप्प नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम ११ मध्ये, प्राण्याला हालचाल करता येईल इतकी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा धरला आहे. 'पुरेशी' म्हणजे किती, हे कायदा फुटांत सांगत नाही. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी रॅबिट वेल्फेअर असोसिएशन सांगते: सशांच्या जोडीला तीन मीटर बाय दोन मीटर जागा आणि एक मीटर उंची, तीही सतत उपलब्ध. आपल्या कोंबडीच्या पिंजऱ्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. हे विलायती लाड आहेत असं कोणी म्हणेल, तर त्याला आठवण द्यायला हवी की विलायतेतही काल-परवापर्यंत ससा परसातल्या खुराड्यातच असायचा. घरात मोकळा वावरणारा ससा ही कल्पना अमेरिकेत रुजली तीच १९८० च्या दशकात. मॅरिनेल हॅरिमन यांचं पुस्तक १९८५ चं आणि कॅलिफोर्नियातली हाऊस रॅबिट सोसायटी १९८८ ची. त्यांनाही तेव्हा शेजाऱ्यांनी वेड्यातच काढलं असणार.

व्यायाम कसला, या प्रश्नाला हाडं उत्तर देतात. मांजराच्या वजनात सांगाड्याचा वाटा बारा-तेरा टक्के असतो, सशाच्या जेमतेम सात-आठ. एवढ्या हलक्या सांगाड्यावर मागच्या पायांचे स्नायू मात्र जबर. कोंडलेल्या, न पळणाऱ्या सशाची हाडं आणखी पातळ होतात, आणि मग घाबरून मारलेली एकच लाथ त्याच्या स्वतःच्या कमरेचा मणका मोडायला पुरते. कान धरून उचलल्यावर तो तशीच लाथ मारतो. कान हे पकडायचं हँडल नाही, शरीरातली उष्णता बाहेर टाकायचं साधन आहे. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी धरायचा. लहान मुलांनी तर उचलूच नये, जमिनीवर बसावं आणि त्याला अंगावर चढू द्यावं.

वाढीच्या वयात धावणं हे हाडांचं अन्न आहे, तसं ते आतड्याचंही. सशाचं आतडं सतत चालू राहिलं पाहिजे. ते थांबलं की काही तासांत जिवावर बेततं, आणि ते चालू ठेवणाऱ्या गोष्टी तीन: काडीकचरा, पाणी, हालचाल. इथे पुन्हा एक घरगुती सिद्धान्त आडवा येतो, की सशाला पाणी पाजलं तर हगवण लागते, हिरव्या भाजीतून मिळतं तेवढं पुरे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी लातूर शहर प्यालं. पाण्यावाचून जिवाचं काय होतं हे या जिल्ह्यात शिकवायला नको, तरी हे वाक्य इथेच सर्रास ऐकू येतं. दीड किलोच्या सशाला दिवसाला शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात जास्त. कमी पाणी प्यायलेल्या सशाचं मूत घट्ट होतं, त्यात चुन्याचा साका येतो आणि वासही वाढतो. म्हणजे 'घाण' सशाची म्हणून जी तक्रार असते, तिचा एक हिस्सा रिकाम्या वाटीचा असतो. चिनी मातीचा जड वाडगा ठेवावा, स्टीलची वाटी तो उलथून टाकतो. मूत कधी नारिंगी, कधी चक्क लाल दिसलं तर दर वेळी घाबरू नये. पाल्यातल्या रंगद्रव्यांनी तसं होतं.

हे झालं खंडन. आता मंडन, म्हणजे निलंग्याच्या घरात हे करायचं कसं.

जागा मोठी देऊन सुरुवात करायची नाही. इथे मी पिंजरावाल्यांच्या अर्ध्या बाजूने आहे. पिल्लाला पहिल्याच दिवशी तीन खोल्या मोकळ्या दिल्या तर त्याला हद्दच कळत नाही, आणि दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला लघवी धरून ट्रेपर्यंत पळत जायचं भान नसतं. खोलीचा एक कोपरा फळ्यांनी किंवा खाटेच्या आडोशाने बंद करावा. जमीन टणक, जाळी नको. दिवसभरात पिल्लू स्वतःच एक कोपरा धरतं. ते ओळखायची खूण साधी आहे. ससा कोपऱ्याकडे पाठ करतो, मागे सरकतो, शेपटी किंचित उचलतो. पुढचा कार्यक्रम ठरलेला. त्याच जागी ट्रे ठेवायचा. प्लास्टिकचं उथळ घमेलं उत्तम. लोखंडी नको, मुताने गंजतं. तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, वर सुकं गवत. पहिल्या वेळी त्याच्याच मुताने ओला झालेला कागद आणि मूठभर लेंड्या आत टाकाव्यात. बायकांना इथे किळस येते, पण पाटी लावायची तर शाई तीच लागते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गवताची जुडी ट्रेच्या वर, तोंड पोहोचेल अशी टांगायची. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, असा त्याचा सरळ कारभार आहे. वैरण एका कोपऱ्यात आणि ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून 'आमचा ससा शिकत नाही' म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. जुडी हलवली की चार-सहा दिवसांत चित्र पालटतं.

वैरण म्हणजे विकतचं परदेशी गवतच हवं असं नाही. मारवेल, हरळी, पवना असं सुकं गवत चालतं, ज्वारीचा नीट वाळलेला कडबा बारीक तोडून चालतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नाही. तिच्यात सायनाइड तयार होतं आणि गुरं दगावतात, हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं, सशालाही ते घातकच. लसूणघास वाढत्या पिल्लाला थोडा चालतो, मोठ्याला त्यातला कॅल्शियम जड जातो. गाजर म्हणजे सशाचं जेवण, ही समजूत कार्टूनची देणगी आहे. गाजर हा पेढा समजावा. भात, चपाती, बिस्कीट यांनी आतड्यातलं सगळं गणित बिघडतं. मग ज्या मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तो एरवी पहाटे गुदद्वाराला तोंड लावून परत खातो, त्या जमिनीवर पडून राहतात आणि तुडवल्या जातात. सशाच्या घरात खरा वास येतो तो या न खाल्लेल्या मऊ लेंड्यांचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आपलीच घाण खातो असं वाटतं आणि तो त्याला हाकलतो. हाकलू नये. गाय रवंथ करते, तेच काम तो या वाटेने करतो, जीवनसत्त्वं आणि प्रथिनं दुसऱ्या फेरीत मिळवतो.

ट्रेमध्ये काय घालू नये हेही सांगायला हवं. मांजरासाठी मिळणारी ओली झाल्यावर गोळा होणारी माती नको. ससा ती खाऊन पाहतो आणि ती आतड्यात फुगते. वखारीतला देवदाराचा वा चीडचा सुवासिक भुसा नको, तो वास फुप्फुसाला आणि यकृताला जाच करतो. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडे ढिगाने आहे, पण धूळ फार आणि पावसाळ्यात बुरशी, त्यामुळे मी ते सुचवणार नाही. वर्तमानपत्र बरं. रोज बदलावं. यात नुसती स्वच्छता नाही: पिल्लांना मारणारा एक आतड्याचा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच बाधक नसतो, त्याला तयार व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. रोज कागद बदलणारा माणूस ती साखळी तोडतो. जाळीच्या पिंजऱ्याचं जे एकमेव खरं समर्थन होतं, ते असं कागदाने मिळतं.

चुकीच्या जागी झालं तर मारायचं नाही, नाक त्यात घासायचं तर मुळीच नाही. देवणी गोऱ्हा औताला धरताना शहाणा गडी पराणी किती कमी वापरतो हे इथल्या माणसाला माहीत आहे, तीच अक्कल इथे वापरायची. ओलं टिपून घ्यावं, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जागा पुसावी, म्हणजे जुनी पाटी मिटते. शेपटी उचललेली दिसली तर हळूच ट्रेकडे वळवावं. ट्रे सलग काही दिवस पाळला गेला की फळी एक हात सरकवावी. सगळी खोली, मग दुसरी. पाळणं ढिलं पडलं तर फळी पुन्हा मागे. जागा ही अशी बक्षीस म्हणून वाढत जाते, आणि व्यायाम व शिस्त ही दोन कामं राहत नाहीत. ज्या जागेत ससा पळतो, वास घेतो, हनुवटी घासतो, ती त्याची हद्द होते. आणि स्वतःच्या हद्दीत तो उकिरडा एका ठिकाणी ठेवतो. आधी पुरी शिस्त आणि मग एकदम मोकळीक, हा क्रम म्हणूनच चालत नाही, दोन्ही बरोबरच वाढतात.

वेळेचा प्रश्न निलंग्यात विशेष आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. सशाला घाम येत नाही, तिशीच्या पुढे त्याची तगमग सुरू होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या पट्ट्यातली दगड-मातीची जाड भिंतींची माळवदाची घरं लोकांनी भीतीने सोडली आणि स्लॅब, पत्रे आले. जीव वाचवणारा तो निर्णय होता, पण दुपारी तीनला पत्र्याखालच्या पिंजऱ्यात काय होत असेल याचा विचार करावा. घरात तळमजल्यावर ससा ठेवायचा तो यासाठीही. आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, शहाबादी फरशी. ती उन्हाळ्यात गार राहते आणि गुळगुळीत टाइल्ससारखी घसरत नाही. चकचकीत टाइल्सवर सशाचे केसाळ पाय फाकतात, तो पळायचंच सोडतो, आणि घरातले म्हणतात आळशी आहे. तिथे सतरंजी किंवा तरटाचा पट्टा टाकला की तोच आळशी ससा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटतो, मधेच हवेत उडून अंग पिळतो आणि तोंड भलत्याच दिशेला करून उतरतो. ही आनंदाची उडी. दोन फुटी पिंजऱ्यात ती मारताच येत नाही. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, दुपारी झोपतो. मराठवाड्याचं उन्हाळी वेळापत्रक त्याच्या अंगात आधीच आहे. पहाटे दोन तास, दिवे लागल्यावर दोन तास, वायरी प्लास्टिकच्या नळीत घालून आणि कण्हेरीची कुंडी बाहेर काढून.

लाल डोळ्यांचा ससा बसल्या बसल्या डोकं डावी-उजवीकडे झुलवतो. त्याला गाणं आवडतं असं मुलं म्हणतात. त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने नजर अधू असते, डोकं हलवून तो अंतराचा अंदाज घेतो. त्याच्या वाटेतलं सामान रोज हलवू नये, ट्रे तर नाहीच.

राहिला एक आक्षेप, आणि तो खरा आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ 'दोन दिवसांत शंभर टक्के' म्हणून सांगतात ते खोटं आहे. मूत जवळजवळ पुरतं ट्रेमध्ये जातं. सुक्या लेंड्या थोड्याफार बाहेर पडणारच. मिकिटोविच यांच्या सशांच्याही पडत होत्या. त्या कोरड्या असतात, वास नसतो, केरसुणीने लोटून थेट गुलाबाच्या कुंडीत घालता येतात. घरात दुसरा ससा किंवा अनोळखी पाहुणा आला की त्या वाढतात. ज्यांना एवढंही नको, त्यांनी ससा आणू नये. पिंजरा हा त्यावरचा उपाय नाही. आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात वयात आलेला नर शिकलेलं सगळं विसरल्यासारखा फवारे मारू लागतो, मादीही हद्द आखू लागते. 'शेवटी ससाच तो' असं म्हणून पिंजरा पुन्हा खाली उतरतो तो नेमका या वेळी. त्यावर खरा इलाज नसबंदीचा. मादीला त्याने पुढे वयाबरोबर वाढणारा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो.

आपल्याकडचे पशुवैद्य गुरांचे, त्यामुळे ससा कोणाच्या हाती द्यायचा हे विचारून ठरवावं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. दोन प्रश्नांवरून माणूस कळतो. सशाला तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देऊ का, असं विचारावं. उत्तर ठाम नाही असं यायला हवं, कारण त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावतो. दुसरं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? कुत्र्याला ठेवतात, उलटी होऊ नये म्हणून. ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपाशी ठेवला की त्याचं आतडं थांबतं. 'ठेवा उपाशी' असं उत्तर आलं तर आभार मानून पिल्लू परत घेऊन यावं.